एका पोराएवढी जागा

शमशोन हे नाव माझ्या सासऱ्यानं ठेवलं,
मिशनच्या दवाखान्यात,
बाळ साडेचार किलोचं भरलं म्हणून.
नाव लागू पडलं. जिनिंगात अजून सांगतात,
सरकीची भरली बंडी नाल्यात रुतली होती,
यानं एकट्यानं पाठ लावून काढली
आणि मग बैलांची माफी मागितली.
शेवटचं मी जोडलेलं नाही. खरंच मागितली.

मी त्याची ताकद वेगळीकडून ओळखते.
माझ्या आईला शेवटच्या महिन्यात
तो दोन्ही हातांवर परसात न्यायचा,
आधी तिचा पदर नीट खोचून,
तोंड दुसरीकडे करून.

बुधवारी बाजार होता.
काट्यावरून कुणाचा तरी मोबाइल गेला
आणि काट्याजवळ बेड्यावरचं पोरगं उभं होतं.
आमच्याकडे एवढं पुरतं.
दहा वर्षांचं असेल. हातात गोड्या तेलाची शिशी,
गळ्यात सुतळी बांधलेली.
पहिली थापड दिवाणजीनं मारली.
दुसरी कुणी, ते आता कुणालाच आठवत नाही.
मग बंड्यांच्या उभाऱ्या निघाल्या.

मी वांग्यांचा वाटा घेत होते.
लांबून दिसलं, गर्दी,
आणि गर्दीत माझा नवरा घुसताना.
वाटलं, आता एकेकाला उचलून फेकणार.
खोटं कशाला बोलू, हरखले मी.
वांगी तशीच टाकून पुढं धावले, बघायला.

तो वाकला.
कोपरं मातीला, गुडघे मातीला,
पोरगं खाली
आणि वर ती पाठ,
जिच्यावर दोन-दोन पोती जातात.
एकानं मारलं. मग सगळ्यांनी.
लाकडाचा आवाज येत होता. त्याचा नाही.

मग मोबाइल वाजला.
कापसाच्या ढिगात, खोल, दबून,
एक आख्खं गाणं वाजलं आणि बंद पडलं.
लोक पांगले. कुणाला बस होती, कुणाचं दूध काढायचं राहिलं होतं.
पोरगं त्याच्या छातीखालून सरपटत निघालं,
एकदा मागं बघितलं आणि बेड्याच्या वाटेनं पळालं.
शिशी फुटली नव्हती.

रात्री मोहाचं तेल कोमट करून चोळलं.
चोळताना बोलत होते, हात बोलत होता तसं,
"तुले हात नोयते काय?
दोघा-चौघाईले त लोळवलं असतं.
माह्या लेकराईचा इचार केला काय तुनं?"
बऱ्याच वेळानं उशीत तोंड खुपसून म्हणाला,
"हात उचलाले उठा लागलं असतं.
उठलो असतो त पोट्टं उघडं पडलं असतं."

मग मी गप्प झाले. राग नाही गेला.

रविवारी पाळकांनी दहा कुमारींचा धडा घेतला,
दिवे, तेल, जागं राहणं.
बुधवारचं नाव कुणी काढलं नाही.
दारात सलोमीबाईनं माझ्या हातात दोन अंडी ठेवली,
आणि थियोफिलभाऊ म्हणाले, "ते लोक तसेच असतात,
उगा कशाला मधात पडाचं?"
शमशोननं त्यांची सायकल धरून ठेवली, ते चढेपर्यंत.
त्यांचा गुडघा दुखतो.

रिबकेच्या शाळेच्या धड्यात त्या जुन्या शमशोनाचं चित्र आहे,
दोन खांब, वरून छत कोसळतंय.
ती विचारते, "आई, बाबांनी काय पाडलं?"
मला पटकन सुचलं नाही.
भाकर उलटवायची होती.

आज सहावी रात्र.
पाठ टेकत नाही म्हणून तो पालथा झोपतो,
कोपरं खाटेला रोवून, छाती जरा उचललेली.
दोनदा सांगितलं, सैल पड,
झोपेतही पडत नाही.
मी कंदील खाली धरून बघितलं.
त्याच्या छातीखाली
एका पोराएवढी जागा
तशीच ठेवलेली आहे.